तान्ह्या बालकांचा श्वास : विषाणुजन्य श्वसनविकार आणि त्यांची तीव्रता

पावसाळा उतरणीस लागला की आमच्या बालरुग्ण विभागातील खाटा भरू लागतात आणि संक्रांत उलटेपर्यंत त्या रिकाम्या होण्याचे नाव घेत नाहीत. या दिवसांत दाखल होणाऱ्या बालकांपैकी बहुतेकांचे वय दोन वर्षांच्या आत असते आणि बहुतेकांचा आजार साध्या सर्दीनेच सुरू झालेला असतो. घरातील आजीला दोन दिवस शिंका आल्या, बालवाडीत जाणाऱ्या भावाचे नाक वाहिले, दोघेही काही न करता बरे झाले. आणि त्याच सर्दीने घरातील दोन महिन्यांच्या तान्ह्यास मात्र चौथ्या दिवशी प्राणवायू लावावा लागला, हा प्रकार आम्ही दर हंगामात पाहतो.

अशा बालकांच्या नातेवाइकांकडून आमच्या चौकशी कक्षाकडे आणि देयक विभागाकडे प्रामुख्याने दोन तक्रारी येतात. पहिली अशी की, साध्या सर्दीसाठी मुलाला दाखल का करून घेतले? दुसरी नेमकी उलट. दाखल तर केले, परंतु इंजेक्शन नाही, सलाईन नाही, अँटिबायोटिक नाही, मग चार दिवस केले तरी काय आणि देयक कशाचे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर काउंटरवर उभे राहून दोन वाक्यांत देता येत नाही. आम्ही वैद्यक शाखेचे नव्हे, आमचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तथापि या विभागातील बालरोगतज्ज्ञ व परिचारिका यांच्याकडून वेळोवेळी जे समजून घेतले, ते सन्माननीय देणगीदार, विश्वस्त मंडळ आणि बालकांचे कुटुंबीय यांच्यासमोर सविस्तर मांडावे, या हेतूने या वर्षीच्या अहवालात हा लेख समाविष्ट केला आहे.

प्रथम हे पाहू की एकच विषाणू थोरांना सोडून देतो आणि तान्ह्यांना का धरतो. त्याचे एक कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात नळीतून वाहणाऱ्या प्रवाहाचा नियम मांडला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. आता चार मिलिमीटर व्यासाची श्वासनळी घ्या. तिच्या अस्तरास सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर आतली वाट दोन मिलिमीटरच उरते आणि अडथळा सोळापटींवर जातो. तीच एक मिलिमीटरची सूज आठ मिलिमीटरच्या नळीस आली, तर अडथळा तिपटीच्या थोडा वर जातो. सूज तेवढीच, आजार तोच; आजीला खोकला येतो आणि नातवाचा श्वास कोंडतो. प्रत्यक्षात तान्ह्यांचा आजार मुख्यतः याहूनही बारीक अशा, फुप्फुसाच्या टोकाकडील नलिकांत होतो. तेथे सुजेबरोबर चिकट स्राव आणि झडलेल्या पेशींचा गाळही साठतो, आणि काही नलिका पूर्ण बुजून जातात. या विकारास वैद्यकीय परिभाषेत ब्राँकिओलायटिस म्हणतात.

यात आणखी काही गोष्टींची भर पडते. पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकाने श्वास घेते, त्यामुळे नाक चोंदले की श्वास आणि स्तनपान दोन्ही एकदमच अडचणीत येतात. बरगड्या मऊ असल्याने जोराने श्वास ओढताच त्या आत खेचल्या जातात आणि केलेल्या श्रमाचा बराच भाग वाया जातो. श्वासाचे स्नायू लवकर दमतात. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, कमी वजनाचे, हृदयात जन्मजात दोष असलेले किंवा कुपोषित बालक असेल, तर शिल्लक शक्ती आणखी कमी. आमच्या परिभाषेत सांगायचे, तर अशा बाळाचे खाते आधीच किमान शिलकीवर असते; एखादा अनपेक्षित खर्च येताच ते उणे होते.

या आजारास कारणीभूत होणारे विषाणू अनेक आहेत. इन्फ्लुएन्झा, पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस हे त्यांपैकी काही. परंतु तान्ह्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस या विषाणूचा असून त्यास संक्षेपाने आरएसव्ही म्हणतात. तो प्रथम आढळला १९५६ साली, अमेरिकेतील एका संशोधन केंद्रात सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. पुढच्याच वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक यांनी तो बाल्टिमोर येथील आजारी बालकांमध्ये ओळखला. वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत जगातील जवळजवळ प्रत्येक मुलास तो एकदा तरी होऊन जातो, आणि बहुसंख्य मुले घरीच बरी होतात. तरीही संख्येचा परिणाम असा की, २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ३ कोटी ३० लाख मुलांना या विषाणूमुळे फुप्फुसापर्यंत पोहोचलेला आजार झाला, सुमारे ३६ लाखांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक लाखाहून अधिक बालके दगावली, असा अंदाज ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दगावलेल्यांपैकी सुमारे ४५,७०० बालके सहा महिन्यांच्या आतली होती. आणि एकूण मृत्यूंपैकी सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. विषाणू सर्वत्र सारखाच आहे. अंतर आहे ते प्राणवायूपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत.

येथे थोडे विषयांतर करतो. २०२५ च्या जानेवारीत बंगळुरू येथे दोन बालकांना एचएमपीव्ही या विषाणूची बाधा झाल्याची बातमी आली आणि आठवडाभर दूरचित्रवाणीवर दुसरा विषय नव्हता. करोनाच्या आठवणी ताज्या असल्याने पालक घाबरणे स्वाभाविकच होते. वस्तुतः हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी शोधून काढला होता आणि त्यापूर्वीही तो माणसांत वावरत होता. बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे की, विषाणूच्या नावावरून आजाराची तीव्रता ठरविता येत नाही. तोच विषाणू एका मुलात निव्वळ शिंकांवर थांबतो आणि दुसऱ्यात अतिदक्षता विभागापर्यंत नेतो. म्हणून नाकातील स्रावाची महागडी तपासणी प्रत्येक मुलास करण्याचा आग्रह आमचे डॉक्टर धरीत नाहीत. बहुतेक मुलांत तिच्या निष्कर्षाने उपचार बदलत नाहीत. नाव कोणतेही असो, पाहावयाचे असते ते मूल.

मूल पाहावयाचे म्हणजे नेमके काय? पहिले दोन-तीन दिवस नाक वाहते, हलका ताप येतो, बाळ किरकिरते. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान आजार शिखरावर जातो. छातीतून पिपाणीसारखा आवाज येऊ लागतो, श्वासाची गती वाढते आणि बाळ दूध ओढता ओढता मध्येच सोडून देते. हा काळ निभावला की बहुतेक मुले उताराला लागतात. दुसऱ्या दिवशी ओपीडीत हसत असलेले मूल चौथ्या दिवशी धापा टाकत परत येते आणि ‘तुमच्या डॉक्टरांना तेव्हाच कळले कसे नाही’ असा सवाल होतो, त्याचे कारण हे शिखर होय. म्हणूनच पहिल्या भेटीत डॉक्टर औषधापेक्षा ‘पुन्हा केव्हा यावे’ यावर अधिक वेळ घालवितात. पालकांनी कृपया तो वेळ फुकट गेला असे समजू नये.

पुन्हा केव्हा यावे, याचा सर्वांत खात्रीचा निकष कोणत्याही यंत्राविना घरी मोजता येतो. बाळ शांत किंवा झोपलेले असताना, ते दूध पीत नसताना, पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरल्यास श्वास जलद आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खळगा पडल्यासारखा आत ओढला जात असेल, श्वासागणिक कण्हण्याचा आवाज येत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, निपचित पडले असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील किंवा झटके येत असतील, तर मोजण्यातही वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर आणखी सावध राहिले पाहिजे. त्यास खोकला, ताप काहीही नसताना श्वास मध्येच काही क्षण थांबणे, हेच कधीकधी पहिले लक्षण असते.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही लक्षणे ठाऊक नाहीत, असे मुळीच नाही. ‘पोट उडते आहे’, ‘धाप लागली’, ‘डबा झाला’ हे शब्द त्यांचेच आहेत, आणि ते शब्द ऐकताच आमच्या परिचारिका मुलाला रांगेतून पुढे घेतात. लक्षण ओळखण्यात चूक होत नाही, चूक होते ती पुढच्या पावलात. कोठे बिब्ब्याचे चटके दिले जातात, कोठे तापल्या विळ्याचे डाग. २०२५ च्या फेब्रुवारीत मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात अवघ्या बावीस दिवसांच्या आजारी बालकास पोटावर असे पासष्ट चटके दिल्याची बातमी सर्व महाराष्ट्राने वाचली. आधीच श्वासाशी झगडणाऱ्या जीवास त्या वेदनेचा भार किती होत असेल, याची कल्पनाही करवत नाही.

ओळखणाऱ्या त्याच हातांना योग्य पुढचे पाऊल शिकविले तर काय घडते, याचे उदाहरण मात्र आपल्याच महाराष्ट्रातील आहे आणि ते देणगीदारांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. न्यूमोनिया हे तेथील बालमृत्यूंचे एक मोठे कारण असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. रुग्णालये दूर, डॉक्टर नाहीत, क्ष-किरण यंत्र नाही. त्यांनी ५८ गावांतील आरोग्यसेवक आणि पारंपरिक सुईणींना बालकाचे श्वास मोजण्यास व त्यावरून न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्झॅझोल हे स्वस्त औषध देण्यास शिकविले. अनेक सुईणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नसत. म्हणून मण्यांच्या पाटीसारखे एक साधन तयार करण्यात आले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करावयाचे, दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजावयाचा. या प्रयोगाचा निष्कर्ष १९९० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत उपचार झालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त बालकांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत, जेथे ही व्यवस्था नव्हती, तेथे हेच प्रमाण १३.५ टक्के होते. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या क्षेत्रापेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. वाचविलेल्या प्रत्येक बालकामागे औषधाचा खर्च तीन डॉलरहून कमी आला. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने इतका भरघोस परतावा दुसऱ्या कोणत्याही खात्यात पाहिलेला नसतो.

येथे चोखंदळ वाचक विचारतील, आणि काही पालक विचारतातही, की गडचिरोलीत अँटिबायोटिकने मुले वाचली, तर येथे ते देण्यास हात आखडता का? प्रश्न रास्त आहे. त्या काळी त्या गावांत न्यूमोनिया जिवाणूचा की विषाणूचा, हे ठरविण्याचे कोणतेही साधन नव्हते. जिवाणूजन्य न्यूमोनियाचे प्रमाणही मोठे होते. म्हणून जलद श्वास असलेल्या प्रत्येक मुलास औषध देणे हेच शहाणपणाचे होते. नंतरच्या काळात हिब या जिवाणूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट लसीच्या रूपाने बालकांपर्यंत पोहोचली. न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची लस महाराष्ट्राच्या सार्वत्रिक लसीकरणात २०२१ पासून विनामूल्य मिळू लागली. दुसरीकडे, बांगलादेश, थायलंड आणि आफ्रिकेतील पाच देश अशा सात देशांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवून दिले की, तीव्र न्यूमोनियाने रुग्णालयात आलेल्या बालकांमध्ये आता विषाणूंचा वाटा जिवाणूंपेक्षा बराच मोठा असून एकट्या आरएसव्हीचा वाटा सुमारे ३१ टक्के आहे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. विनाकारण दिल्यास जुलाब होतात, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध निकामी ठरण्याचा धोका वाढतो. अर्थात हा निर्णय डॉक्टरांचा आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळ किंवा अत्यवस्थ मूल आल्यास जिवाणूंचा संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात आणि ते योग्यच असते. शेजारच्या खाटेवरील मुलास दिले आणि आपल्यास दिले नाही, यावरून भेदभाव झाला असा ग्रह करून घेऊ नये.

विषाणूंमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी किती मृत्यू रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत, हेही महाराष्ट्रानेच दाखवून दिले. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने, परदेशी संशोधक आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ यांच्या साहाय्याने, दोन वर्षांखालील हजारो बालकांची गावोगावी पाहणी केली; घरी दगावलेल्या बालकांच्याही नाकातील स्राव तपासला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून आरएसव्हीने होणाऱ्या घरच्या मृत्यूंचे वास्तव पुढे आले. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे मूल येत नाही, ते कोणत्याच अहवालात येत नाही, आमच्याही नाही.

मेळघाट दूर आहे, आणि आमचे शहर वैद्यकीय सोयींनी युक्त आहे. १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, ज्यास सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो, येथेच आहे. परंतु कन्नड, सोयगाव, सिल्लोड, पैठण या तालुक्यांतील आडवळणाच्या वस्तीवरून तापल्या बाळाला घेऊन रात्री शहरात येणे आजही सोपे नाही. त्यातही ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती विशेष कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो जोडपी कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि अंगावर पिणारी मुले त्यांच्याबरोबर जातात. नेमका तोच काळ या विषाणूंच्या हंगामाचा उत्तरार्ध असतो. पाचटाच्या कोपीत चुलीचा धूर, पहाटेची थंडी, लसीकरणाचे कार्ड गावी राहिलेले, आणि एक दिवस काम बुडाले तर मुकादमाकडील उचल फिटावयाची कशी, ही विवंचना. अशा मुलांना आमच्याकडे आणले जाते तेव्हा बहुधा शिखराचा दिवस उलटून गेलेला असतो. हे त्या मातापित्यांचे दुर्लक्ष आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता दाखल केलेल्या बालकावर होते तरी काय, या प्रश्नाकडे वळू. नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळे करणे व हलक्या हाताने स्राव ओढून घेणे, रक्तातील प्राणवायू कमी असल्यास नाकाजवळ बारीक नळीने प्राणवायू देणे, थकल्यामुळे पिता येत नसेल तर नाकातून पोटात घातलेल्या नळीने आईचेच दूध देणे, आणि दर काही तासांनी, आजार तीव्र असल्यास तासातासाने, श्वास, नाडी व प्राणवायूचे प्रमाण नोंदविणे. एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. थोड्या मुलांना अधिक दाबाने प्राणवायू द्यावा लागतो आणि फारच थोड्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लागते. या आजारास बरे करणारे असे औषध नाही. बाळाचे शरीर विषाणूचा निकाल लावीपर्यंत त्याला दमू न देणे, हाच उपचार. देयकात दिसणारी रक्कम या पहाऱ्याची असते.

प्राणवायूविषयी एक गैरसमज आमच्या भागात फार खोल रुजलेला आहे. ‘ऑक्सिजन लावला म्हणजे संपले’ असे म्हणून नातेवाईक रडू लागतात, क्वचित नळी काढून बाळाला घरी नेण्याचा हट्ट धरतात. २०२१ च्या उन्हाळ्यातील करोनाच्या लाटेने ही भीती आणखी वाढविली. वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, या बालकांना प्राणवायू शेवटचा उपाय म्हणून नव्हे, तर पहिला उपाय म्हणून दिला जातो. भूक लागलेल्याला जेवू घालावे, इतकी ती साधी गोष्ट आहे. बहुतेक मुलांची नळी काही दिवसांतच निघते.

खोकल्याच्या औषधाचा आग्रहही आता सोडून द्यावा. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये विषारी द्रव्याची भेसळ झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर उपचार आपल्या नागपुरात झाले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. भेसळ नसली तरी या वयात त्यांचा उपयोग नसतोच. आमच्या औषध दुकानात ‘एखादे चांगले कफ सिरप द्या’ असे म्हणणाऱ्यास चिठ्ठीशिवाय ते मिळणार नाही, याबद्दल राग मानू नये.

भेटीच्या वेळांवरून होणाऱ्या वादाविषयीही चार शब्द. हा विषाणू हातांवर आणि खाटेच्या कठड्यांवर काही काळ जिवंत राहतो. बाळ पाहावयास आलेल्या आत्या-मावशीची किरकोळ सर्दी पलीकडच्या खाटेवरील हृदयविकाराच्या बाळास भारी पडू शकते. दारावरचा सुरक्षारक्षक आडमुठा नाही, त्यास तसे सांगितलेले आहे.

देणगीदारांसमोर एक गोष्ट मोकळेपणाने मांडावीशी वाटते. व्हेंटिलेटरसाठी देणगी तुलनेने सहज मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. रात्री तीन वाजता मोजलेल्या श्वासांवर पाटी लावता येत नाही. परंतु वर सांगितलेल्या उपचारांतील बहुतांश भाग यंत्राचा नसून माणसाचा आहे, आणि हंगामाच्या चार महिन्यांत परिचारिकांची जी अधिक संख्या लागते, तिचे वेतन हीच आमची सर्वांत मोठी ओढाताण असते. धर्मादाय रुग्णालय म्हणून आम्ही दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतो, तसेच देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली ही योजना योग्यच आहे. अडचण एवढीच की आजार वर्षभर सारखा वाटलेला नसतो. उन्हाळ्यात निधी शिल्लक असतो आणि भाद्रपद लागला की तो एकाच विभागाकडे धाव घेतो. यंत्रासाठी राखलेल्या देणगीचा काही भाग मनुष्यबळासाठी वापरण्याची मुभा दात्यांनी दिली, तर ती आम्हांस यंत्राइतकीच मोलाची वाटेल.

प्रतिबंधाच्या बाजूने बरीच वर्षे निराशाच होती. १९६० च्या दशकात अमेरिकेत आरएसव्हीविरुद्ध तयार केलेल्या लसीने उलटाच परिणाम झाला. लस दिलेल्या मुलांचा आजार अधिक तीव्र झाला आणि दोन बालके दगावली. त्यानंतर अनेक दशके हे काम रेंगाळले. २०१३ मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाची खरी रचना उलगडली आणि दार उघडले. २०२३ मध्ये अमेरिका व युरोपात गर्भवतीस देण्याची लस मान्य झाली. तिने मातेच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये नाळेतून बाळास मिळतात. त्याच सुमारास नवजात बालकास एकदाच देण्याचे निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आले. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात ते सर्व तान्ह्यांना दिल्यावर पहिल्याच हंगामात या विषाणूमुळे दाखल करावे लागण्याचे प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी घटले. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही उपायांची शिफारस सर्व देशांना केली. किमतीचा प्रश्न मोठा आहे, आणि वर सांगितलेल्या कोपीपर्यंत ते पोहोचावयाचे तर शासकीय लसीकरणातूनच पोहोचू शकतील. तोवर इन्फ्लुएन्झाची वार्षिक लस सहा महिन्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते, आणि न्यूमोकोकसची लस शासकीय केंद्रावर विनामूल्य मिळते. ती चुकवू नये.

घरच्या काळजीत फार काही नवे नाही. सहा महिने निव्वळ स्तनपान. सर्दी झालेल्याने बाळास जवळ न घेणे, घेणे भागच असल्यास हात धुऊन व नाक-तोंड झाकून. घरात विडी-सिगारेट नको. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि ओवा-शोपेची धुरी यांविषयी आमच्या डॉक्टरांचा आणि आज्यांचा वाद जुना आहे. ऊब अवश्य द्यावी, धूर मात्र नको, एवढ्यावर तडजोड व्हावी. बारसे मोठ्या थाटाने करणाऱ्यांनी पाळणा गर्दीपासून थोडा दूर ठेवावा.

बरे होऊन घरी गेलेल्या मुलाचा खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. तेवढ्यावरून घाबरू नये. काही मुलांना पुढच्या सर्दीतही छातीत पिपाणी वाजण्याचा त्रास होतो. बालरुग्ण विभागाने आता अशी पद्धत ठेवली आहे की, घरी सोडण्यापूर्वी मातेने परिचारिकेसमोर बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजून दाखवावेत. साठ, पन्नास, चाळीस हे तीन आकडे डिस्चार्ज कार्डाच्या मागे ठळक अक्षरांत छापलेले आहेत. ज्या मातांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांना दर दहा श्वासांमागे हरभऱ्याचा एक दाणा बाजूला ठेवण्यास शिकविले जाते, आणि त्यांच्या बाळाच्या वयाप्रमाणे सहा, पाच किंवा चार दाणे पदराच्या गाठीत बांधून दिले जातात.